उन्हात वाळवलेला हरभरा

जेऊरच्या बजाबाईंच्या हाताला गुण आहे असं अख्खं गाव म्हणायचं, आणि बाईंनाही ते मनोमन पटलेलं होतं. पण त्यांच्या लेकानं, अभिमन्यूनं शेताची वरची हातभर माती वीटभट्टीला विकली आणि खाली उरली ती चुनखडीची. पुढच्या साली तिथं तणसुद्धा धड उगवलं नाही.

"यंदाचा हरभरा आला तर ऱ्हा हितंच. न्हाय तर शेत विकू, तू जुळे सोलापूरला माझ्याकडं चल," लेकानं बजावलं. त्याच्या फ्लॅटच्या नुसत्या आठवणीनं म्हातारीचा जीव घुसमटायचा.

कृषी सहायक दिग्विजयनं जिवाणू खताचं पाकीट आणून दिलं. "आजी, मातीतलं जिवाणू मातीसंगट भट्टीत गेलं. हे नवं हायत. हरभऱ्याच्या मुळाला गाठी करून त्यात ऱ्हात्यात, पिकाकडनं साखर खात्यात आन् हवेतला नत्र त्याला देत्यात. गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळा. पण जित्तं हायत ते, सावलीतच सुकवा."

बाईंनी बी मायेनं चोळलं. सावलीत सुकवायला मात्र त्यांचा हात अडला. ऊन न दिलेल्या बियाला कीड लागते, हे त्या माहेराहून शिकून आल्या होत्या. मिसरूड न फुटलेल्या पोरानं आता आपल्याला बी वाळवायला शिकवायचं? त्यांनी हरभरा पत्र्यावर पसरला आणि दिवसभर कडक ऊन दिलं. घमेल्याच्या तळाला चिकटलेलं मूठभर बी तेवढं टाकवेना म्हणून लगेच बांधाकडेच्या त्याच चुनखडीत टोचलं.

शेत उगवलं, पण खुरटं, पिवळं. बांधाकडेचा हरभरा मात्र हिरवा काळाभोर. बाईंनी दोन्हीकडचं एकेक झाड उपटलं. शेतातलं मूळ नुसतं गुळगुळीत. बांधावरच्या मुळाला गाठीच गाठी, नखानं फोडली तर आत गुलाबी, जिवंत.  ज्यांच्यावर सगळी भिस्त होती, त्या जिवाणूंना बाईंनी स्वतःच पत्र्यावर भाजून मारलं होतं.

अभिमन्यू आला. पिवळं शेत बघून म्हणाला, "मातीच मेली, आई. तू तरी काय करणार?"

गप्प राहिल्या असत्या तर अब्रू झाकली असती. पण बाईंनी बांधावरच्या झाडाचं मूळ त्याच्यापुढं धरलं. "माती न्हाय मेली. बियाचं जिवाणू मीच मारलं, उन्हात टाकून. अजून एक साल दे, बाबा."

त्यानं गाठींवरून बोट फिरवलं आणि मान खाली घातली. "कालच टेंभुर्णीत शेत विकायचा शब्द देऊन आलोय, आई."

 बाईंनी बांधाशी खळगा उकरला, ते झाड उभं लावलं आणि भोवतीनं माती दाबली. उपटलेला हरभरा जगत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.