मागचा आवाज

चष्मेवाल्याच्या दुकानात दिवसभर काच घासायच्या यंत्राची घरघर चालायची. पाव नंबरचा फरकही त्याला खपत नसे. गिऱ्हाईक म्हणालं, "चालेल हो," की हा म्हणायचा, "तुम्हाला चालेल, डोळ्यांना नाही चालणार." साठी झाली तेव्हा लेकीनं त्याला भारीतले हेडफोन आणले आणि त्याच्या तरुणपणीच्या रॉक बँडची गाजलेली गाणी फोनवर लावून दिली.

"बाबा, ही लॉसलेस आहेत. मुळातलं काही म्हणजे काही गाळलेलं नाही."

रविवारी दुपारी तो खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला. पहिल्याच गाण्याला अंगावर काटा आला. तारेवरून बोट सरकलेलंसुद्धा ऐकू येत होतं! स्वारी मांडीवर ताल धरून खुशीत होती. चौथं गाणं लागलं. कडवं संपता संपता मुख्य गायकाच्या मागून एक बारीक, उंच आवाज चढत गेला, आणि याचा हात जागीच थांबला.

हाच मागचा आवाज त्याची धाकटी बहीण गायची.

ती तेव्हा चौदाची, हा अठराचा. तिच्या शाळेच्या कार्यक्रमात हे गाणं बसवलं होतं आणि गिटारवर याला बोलावलं होतं. तालमीत सगळे तिचंच कौतुक करत होते. हा म्हणाला, "असं काही मूळ गाण्यात नाहीच. हिला भास होतात."

"मैत्रिणीकडे रेकॉर्डवर ऐकलंय रे, दादा!"

यानं आपली कॅसेट वाजवून दाखवली. तीत खरंच काही नव्हतं. बाईंनी तिला गाण्यातून काढलं. घरात तिचं नाव 'बाराकानी' पडलं, तेही यानंच पाडलेलं. पुन्हा ती कधी गायली नाही.

सोमवारी दुकान बंद ठेवून तो तिच्याकडे गेला. ती शर्टाला इस्त्री करत होती. यानं हेडफोन तिच्या कानांवर चढवले. तिनं इस्त्री उभी केली आणि गाणं पुरतं ऐकलं.

"आहेच," ती म्हणाली. "मला कुठं शंका होती?"

"माझं चुकलं गं. ती कॅसेट कॉपीवरून केलेली कॉपी होती, तीत असले बारीक आवाज उडून जातात. तेव्हाही ठाऊक होतं मला."

तिनं हेडफोन हळूच काढले. "ठाऊक होतं? मी आजवर समजत होते, तुला खरंच ऐकू आलं नाही."

तो मान खाली घालून उभा राहिला. तिनं कॉलर पुन्हा दाबायला घेतली. "तू जा आता, दादा. मला नाही सुचत काही."

आठ दिवसांनी तिचा फोन आला. "ते गाणं माझ्या फोनवर कसं लावायचं, सांग." यानं एकेक बटण समजावून सांगितलं. बाकी विषय तिनं काढला नाही आणि काढायची याची छाती झाली नाही.

तो अजूनही रविवारी ती गाणी ऐकतो. गोडही लागतात, आणि गोड लागतात याचीच त्याला शरम वाटते.