दीपगृहाच्या पायरीवर

"ती गप्प आहे ना, म्हणजे तिला पसंत आहे," मावशी मुलाच्या आईला सांगत होती. "इंग्लिश मीडियमची आहे हो, मराठीत बोलायला लाजते. बाकी गुणाची."

मी दीपगृहाच्या पायरीवर पाठमोरी बसले होते. सहलीच्या निमित्ताने दोन्ही घरांनी आम्हाला या खडकाळ बेटावर आणलं होतं. आता ओहोटी लागली होती आणि संध्याकाळच्या भरतीशिवाय होडी धक्क्याला लागणार नव्हती. बेट शंभर पावलांत संपायचं. कुठेही गेलं तरी पुढे पाणी, नाहीतर थर्मास घेऊन उभे असलेले मुलाचे काका.

काचा पुसून खाली आलेल्या रखवालदारांना मी हळूच विचारलं, "हा दिवा बोटींना बोलावतो ना?"

"छे हो ताई. इथे खडक आहे, लांबून जा, एवढंच सांगतो. बोलावून काय बोटी फोडायच्या?"

लहानपणापासून मी दीपगृह म्हणजे स्वागत समजत आले होते. खरं तर तो नकार आहे, रोज वेळेवर दिलेला, आणि त्यावर कुणी खलाशी रुसत नाही. उलट तो दिसला की निश्चिंत होतो. धोका असतो तो अंधारात राहिलेल्या खडकाचा. माझ्या गप्प बसण्यावर विसंबून इथे चार माणसं हॉल ठरवायला निघाली होती. मुलगा बिचारा मान खाली घालून शेंगा सोलत होता.

मी उठून त्याच्या आईसमोर गेले.

"काकू, मला हे लग्न करायचं नाही," मी म्हणाले. "आधीच सांगायला हवं होतं."