एका ‘ले’चा अर्धा मार्क

पंचवीस वर्षं झाली, सहावी ते आठवीचे निबंध तपासते आहे मी. तपासलेले गठ्ठे दरवर्षी रद्दीत जातात, पण त्यातलं जे डोक्यात जाऊन बसतं ते कोण नेणार! धरमपेठेतल्या आमच्या शाळेची पद्धत अशी, की प्रत्येक निबंध दोघांनी तपासायचा, दहापैकी वेगवेगळे मार्क द्यायचे आणि सरासरी काढायची. माझ्या वाट्याला जोडीदार आले देशकर सर. मूळचे सावनेरकडचे, पण बोलणार अगदी छापील मराठी. माणूस भला, फक्त हातात लाल पेन आलं की कोणाचा नाही.

एकदा ‘उन्हाळ्यातील दुपार’ असा विषय होता. सहावीतल्या एकाने लिहिलं, ‘दुपारी बाहेर जायचे नाही असे आईने सांगितले. म्हणून मला काही दिसले नाही.’ निबंध संपला! सरांनी एक मार्क दिला, मी सहा. यात आशय कुठे आहे, म्हणून सर माझ्याशी भांडायला उठले. मी विचारलं, मे महिन्यात दुपारी तुम्हाला तरी काय दिसतं?

"कूलर," सर म्हणाले, आणि त्यांनी एकाचे दोन केले.

घरून लिहून आणायच्या निबंधांची तर वेगळीच मजा. विषय ‘माझा आवडता ऋतू’. एका पोराच्या वहीत सुरुवात अशी: ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मला हिवाळा आवडतो.’ शेवटी ‘माहितीस्तव सादर’! वडील सरकारी कचेरीत आहेत हे वेगळं सांगायला नको. मी खाली शेरा मारला, ‘बाबांना सात. तुझा निबंध उद्या आण.’ दुसऱ्या दिवशी पोरगा हात हलवत आला. निबंध कुठे आहे विचारलं, तर म्हणतो, "मॅडम, बाबा विचारून राहिले, तीन मार्क काहून कापले?"

सरांचा खरा राग मात्र ‘ले’वर. मले, तुले, त्याले दिसलं की प्रत्येकी अर्धा मार्क गेला. अहो, घरी सगळे तसंच बोलतात, पोरं दुसरं काय लिहिणार! पण सरांनी सातवीला दम भरला, की ‘ले’ दिसलं की ‘ला’ करायचं. राहुल नावाच्या पोराने ते फारच मनावर घेतलं. ‘बागेत मुला होती, फुला होती, आम्ही जेवण केला.’ सरांनी कपाळाला हात लावला. मी वर नाव पाहिलं. पोराचं आडनाव ढोले. त्याने लिहिलं होतं, राहुल ढोला!

आणि आमची कांचन. कुहीजवळच्या खेड्यातली पोरगी, सातवीत मामाकडे शिकायला आलेली. तोंड उघडलं की वर्ग हसायचा, म्हणून बिचारीने बोलणंच सोडलं. पहिल्या परीक्षेत मराठीत नापास झाली. पुन्हा झाली तर दिवाळीनंतर गावी पाठवीन, असं मामाने सांगून टाकलं होतं. सहामाहीच्या मराठी पेपरच्या दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मले इथंच शिकाचं आहे." मला फार वाईट वाटलं.

तिचा बाकीचा पेपर तपासून झाला. पास व्हायला तिला निबंधात सरासरी सहा हवे होते. मी आठ दिले. म्हणजे सरांनी चार तरी द्यायला हवेत. विषय होता ‘फोनवरचे बोलणे’. चुका मला ऐकवायच्या म्हणून सर मोठ्याने वाचू लागले.

‘आई मले विचारते, तुले तिथं करमते का? मी म्हणते, हो. मी तिले विचारते, तुले करमते का? ती म्हणते, हो. मले समजते, ती खोटं बोलून राहिली. तिले बी समजते, मी खोटं बोलून राहिली. मग आम्ही दोघी धानाचं बोलतो.’

सर थांबले. तेवढंच पुन्हा मनात वाचलं. मग पेपरावर आठ लिहून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. मला राहवेना. विचारलं, "सर, ‘ले’ किती झाले?"

सर खिडकीबाहेर बघत होते.

"मोजाले विसरलो."