शेरूला वाटणारी भीती

वागळे इस्टेटच्या मागच्या डोंगरावर मी दर रविवारी सकाळी चढतो, तेव्हा एक काका भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही आणि आता इतक्या दिवसांनी विचारायला संकोच वाटतो. पुढे त्यांचा कुत्रा शेरू, मागे काका. थोडं चढलं की ते थांबतात. "दमलास ना शेरू? बस जरा." शेरू उभाच राहतो, काका बसतात.

वर टोकाला कठडा आहे. सगळे तिथे फोटो काढतात. काका मात्र बरेच अलीकडे झाडाला टेकून बसतात. "याला उंचीची भीती वाटते रे. नाहीतर मी आलो असतो." मला ते खरंच वाटायचं.

परवा पट्टा त्यांच्या हातातून सुटला. शेरू धावत गेला आणि कठड्यावर पुढचे पाय टेकून मजेत खाली बघू लागला. लोक हसले. काका दोन पावलं पुढे आले, मग मागे फिरले आणि त्यांनी झाडाचं खोड घट्ट धरलं.

"अरे, आण रे त्याला!" ते तिथूनच ओरडले.

मी शेरूला घेऊन आलो. मान खाली घालून म्हणालो, "काका, फार घाबरलाय हो."

शेरू शेपटी हलवत होता.

"मी म्हणत नव्हतो?" काका सावरून बसले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "तिथून दिसतं तरी काय रे?"

मी खाडी आणि घोडबंदरकडच्या इमारतींबद्दल सांगू लागलो. काकांनी शेरूचा कान वर उचलून धरला.

"ऐक नीट," ते त्याला म्हणाले.