उतारावरच्या नाक्याची रंगरंगोटी

चित्रकला शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण किस्से साठले ते रस्त्यावरचे. जुन्या शिक्षिका भेटल्या की कुणीतरी म्हणतंच, "बाई, तुमचा तो नाका सांगा ना." त्यांना हसू येतं, मला पुन्हा नव्याने वैताग.

ऐंशीनंतर रत्नागिरीत रिक्षा वाढल्या, तेव्हाचं हे. आमची मुलींची शाळा उताराच्या पायथ्याशी, तीन रस्ते मिळतात तिथे. वरून चिऱ्यांचे ट्रक सुसाट यायचे. सहावीतली एक मुलगी रिक्षाखाली येता येता वाचली आणि हेडबाईंनी मला बोलावलं. "तुम्ही ड्रॉइंगच्या ना? मग रंगवा रस्ता."

दुकानांच्या पाट्या रंगवणारे भाई पेंटर मदतीला घेतले आणि रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे मारले. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळे पट्ट्यांना वळसा घालून भर रहदारीतून चाललेले. एका मासेवालीला म्हटलं, "मावशी, पट्ट्यांवरून जा." ती म्हणाली, "कुणी एवढी रांगोळी घातलीन, तिच्यावर पाय कसा देऊ गो बाय?"

नुसत्या पांढऱ्याचा भाईंना कंटाळा. मला न विचारता त्यांनी पट्ट्यांच्या मधे कमळं काढली. शाळा सुटली आणि मुली ती बघायला रस्त्यातच घोळका करून उभ्या! ट्रकने करकचून ब्रेक मारला. मी भाईंना कमळं पुसायला लावली. "तुम्हाला कलेचं काही नाही," असं म्हणून ते आठवडाभर रुसले.

मग उतारावर खोटा स्पीडब्रेकर रंगवला. तो हुबेहूब उंचवटा वाटायचा. आठवडाभर रिक्षा हळू आल्या, मग सगळ्यांना कळलं. शेवटी अर्ज-विनंत्या करून तिथेच खरा स्पीडब्रेकर घालून घेतला आणि भाईंनी हौसेने त्यावर तेच जुनं चित्र काढलं. पहिलीच रिक्षा भरधाव आली आणि उडाली. रिक्षावाला कपाळ चोळत माझ्यावरच चिडला. "बाई, खरा केलात तर सांगायला नको काय?"

रस्त्याचा नाद मी सोडला. नाक्यावरच्या आमच्या भिंतीवर भाईंनी खऱ्या उंचीच्या मुली रंगवल्या, एकमेकींचा हात धरून रस्ता ओलांडायला निघालेल्या. मी काही आशा धरली नव्हती.

त्याच सुमारास पूर्णगडच्या एसटीवर नवे ड्रायव्हर आले, पिकल्या केसांचे, चिपळूणकडचे. शाळा सुटायच्या वेळी त्यांनी नाक्यावर गाडी थांबवली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "जा गो पोरींनो, जा." बराच वेळ झाला. कंडक्टर पुढे आला. "अहो, चित्र आहे ते."

सगळी गाडी हसली. ड्रायव्हर लालबुंद झाले आणि गाडी घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी मुलींना घेऊन फाटकात उभी होते. गाडी आली आणि त्याच जागी थांबली. कंडक्टर वैतागला. "काल सांगितलं ना तुम्हाला, चित्र आहे म्हणून?"

"ठाऊक आहे," ड्रायव्हर म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.