तांब्याचा वायसर
जळक्या ऑइलचा वास आला की मी सदर भागातल्या ज्या गॅरेजमध्ये कामाला होतो, तिथली एक दुपार आठवते. एका जुन्या ट्रकचं गळकं ऑइल चेंबर काढून मी नवं बसवलं होतं. ड्रायव्हर लगेच निघाला, कारण केबिनमध्ये बसलेल्या, दिवस भरत आलेल्या बायकोला त्याला मौद्याला माहेरी पोचवायचं होतं. ते गेल्यावर हात पुसायला चिंधी उचलली, तर तिच्यात चेंबरच्या बुचाखाली गळती रोखायला घालायची चकती, तो तांब्याचा वायसर; घालायचाच राहिला होता. ऑइल गळून इंजिन जाम झालं तर ती बाई भर उन्हात रस्त्यावर! जकात नाक्यावर रांग असेल, एवढ्या आशेवर वायसर नि पाना खिशात टाकून मी भंडारा रोडनं सायकल हाणली. डांबरावर ऑइलचे थेंब दिसत होते, आधी लांब लांब, मग जवळ जवळ. ट्रक रांगेतच सापडला. "काहून आला गा?" ड्रायव्हरनं विचारलं. "चूक माह्यी हाय, इंजिन बंद कर," एवढंच मला बोलता आलं. ट्रकमधल्याच घमेल्यात ऑइल काढताना मनगट भाजलं, पण वायसर घालून बूच आवळलं आणि तेच ऑइल परत भरलं. ड्रायव्हर भडकणार, तेवढ्यात त्याची बायको केबिनमधून म्हणाली, "राहू द्या जी, सांगाले तर आले ना ते." ती तसं बोलली नसती, तर पुढच्या चुकीला मी असाच धावत गेलो असतो का, हे मला या वयातही छातीठोक सांगता येत नाही.