मामांची पोर्टची पारख

आमच्या मंडळींचे नांदूरघाटचे मामा एखादा घोट घेऊन मुकाट्यानं बसले, असं अख्ख्या निजामी मुलखात कुणी पाहिलं असेल तर त्यानं मला येऊन सांगावं. साधं पाणी प्यायले तरी "पाली गावचं पानी ह्याच्याहून हलकं हाय" म्हणायचे. एकदा तेरवीच्या जेवणाला गेले. यजमान बिचारा डोळे पुसतोय, आणि हे त्याला सांगतायत, "तलवाड्याच्या तेरवीची बुंदी मोकळी होती हो!"

अशा माणसाला मी पोर्ट वाईन आणायला सांगितली, म्हणजे बघा काय वेळ आली होती. बाळंतपणानंतरच्या तापानं आमची मंडळी पार खंगली होती. अन्नावरची वासनाच उडालेली. बीडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दोन्ही वेळा थोडी पोर्ट पोटात गेली तरच भूक लागेल, नाहीतर काही खरं नाही. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "दारू ती दारूच. मेले तरी घ्यायची न्हाई." मी विनवण्या केल्या, तान्ह्या पोराची शपथ घातली. काही उपयोग नाही. तरी जालन्याहून एक, फक्त एक बाटली आणा, असा मामांना निरोप धाडला.

मामांनी तीन आणल्या. तिन्ही स्वस्तातल्या! "जावईबापू, पारखल्याबिगर औषध द्यावं का कुनी?" आणि जन्मात ताकाहून कडक काही न घेतलेला हा गृहस्थ भर दुपारी, माझ्या घरात, आजारणीच्या खाटेशेजारी मांडी ठोकून बसला. एक पोर्ट चांदीच्या वाटीत, एक मातीच्या बोळक्यात, एक पितळेच्या पेल्यात. घोटामागं भाकरीचा तुकडा. पहिली म्हणे पिकल्या जांभळाची साल. दुसरी म्हणे खोकल्याचा काढा, पण खानदानी! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"मामा, औषध कुणाचं आहे?" मी ओरडलो.

"वरडू नका. जिभेची चव जाती."

तिसरीचा घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले. "हीच! काय तुरट धार हाय! लई जुनी दिसती. हीच द्या पोरीला."

"जुनी कसली, मामा?" खाटेवरून आवाज आला. महिनाभरात तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "पेल्याची कल्हई उडालीय. पितळात आंबट कळकतं, येवढंबी कळंना का तुमाला?"

"पोर्टला कल्हई लागत न्हाई."

"लागती!"

"तू कवा चाखलीस?"

ती तटकन उठून बसली. वाटी विसळायला लावली, तीच पोर्ट तीत ओतून घेतली, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "कुठंय तुमची तुरट धार?"

"एका घोटात काय कळतंय?"

तिनं दुसरा घेतला. मग दुसऱ्या बाटलीतला. दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं आणि मी, घरचा मालक, दारात खांबासारखा उभा! संध्याकाळी तिनं आपणहून अर्धी भाकरी मागितली. मामांनी काही हार मानली नाही. कल्हईवाला येऊन निकाल लागेपर्यंत हलत नाही म्हणाले आणि आठवडाभर आमच्याकडं जेवले.

मामा जाऊन आता कैक वर्षं झाली. "मामांना कल्हईचं ठाऊक असंल का हो?" आमची मंडळी अधूनमधून विचारते. "छे! त्या माणसाला काय कळत होतं?" मी फटकारतो. पण घरात कुणी दुखण्यानं अन्न टाकलं, कुणाचं ऐकेनासं झालं, की मला मामांचा भयंकर राग येतो. अहो, अशा वेळी तरी माणसानं असायला नको?